पहिली चव कोणाची?

माउली, एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. उत्तराची घाई करू नका. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती घालताना मद्यमांस वर्ज्य करण्याचा शब्द तुम्ही दिला आणि आजवर पाळला. आता ज्या माणसाचे तुमच्या घरावर मोठे उपकार आहेत, त्याच्याकडून आमंत्रण येते. समारंभ लग्नाचा नाही, वास्तुशांतीचा नाही. त्या माणसाने फळांच्या स्वादाची एक गोड दारू तयार केली आहे आणि ओळखीच्या मंडळींनी येऊन तिची चव पाहावी, यासाठी ती संध्याकाळ आहे. जावे की न जावे?

फडावरचा एखादा जुना माळकरी एका शब्दात निकाल लावील, जाऊ नये. तो निकाल चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण तुमचा मुलगा पुण्याच्या एखाद्या कंपनीत असेल, पुतणी बंगळूरला असेल, तर अशा संध्याकाळी त्यांच्या वाट्याला वर्षातून चार वेळा येतात. हातात रिकामा पेला धरून ती मुले कोपऱ्यात उभी राहतात आणि हा प्रश्न एकटीच सोडवतात. आपल्याला विचारत नाहीत. आपण एका शब्दात निकाल लावतो, हेच त्याचे कारण असावे.

माझ्यापुढे हा प्रश्न इंग्लंडमध्ये आला. आमची मुलगी आणि जावई तिथे हेरफर्डशायर नावाच्या परगण्यात राहतात. सफरचंदाच्या बागांचा, कुंपणांनी आखलेल्या हिरव्या शेतांचा तो मुलूख आहे. शेजारी साठीच्या पुढच्या एक विधवा बाई राहतात. मुलीचे दुसरे बाळंतपण हिवाळ्यात आले, तेव्हा आमचा व्हिसा व्हायचा होता आणि जावई रात्रपाळीवर होते. मध्यरात्री कळा सुरू झाल्यावर त्या बाईंनी बर्फात गाडी काढली, मुलीला रुग्णालयात नेले आणि नात जन्मेपर्यंत हात धरून बसून राहिल्या. आम्ही पोचलो तो पुढच्या वर्षी, पावसाळ्यानंतर. कार्तिकी होऊन चार-पाच दिवस झाले होते. वारी चुकल्याची रुखरुख मनात होती, आणि तेवढ्यात बाईंनी हाताने लिहिलेले आमंत्रण आणून दिले.

त्या जे करतात त्याला तिकडे स्लो जिन म्हणतात. हे काय आहे ते थोडे सांगितले पाहिजे, कारण ज्या वस्तूला नाही म्हणायचे ती निदान ठाऊक असावी. जिन म्हणजे धान्याच्या मद्यार्काला जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास दिलेली दारू. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे तिच्यात निदान ३७.५ टक्के मद्यार्क लागतो. स्लो हे एक रानफळ. शेतांच्या कुंपणात ब्लॅकथॉर्न नावाचे काटेरी झुडूप असते, त्याला शरद ऋतूत करवंदाएवढी निळसर काळी फळे लागतात. दिसायला देखणी, पण एक तोंडात टाकले तर जीभ कोरडी पडून टाळूला चिकटावी इतकी तुरट. पहिली थंडी पडून साल मऊ झाली की ती तोडायची, प्रत्येक फळाला टोचे मारायचे, बरणीत फळे, साखर आणि जिन एकत्र करून झाकण लावायचे. सुरुवातीला रोज बरणी हलवायची, मग अंधाऱ्या कपाटात निदान दोन-तीन महिने मुरू द्यायची. बाई वर्षभर ठेवतात. आपल्याकडे लोणचे मुरते तसेच हे मुरणे, आणि आपल्या आजीच्या लोणच्याइतकाच त्यांना त्याचा अभिमान. मुरल्यावर गाळलेला रस माणकासारखा लाल दिसतो.

स्लो जिनला कायद्याने निदान २५ टक्के मद्यार्क लागतो. त्याच पठडीतली इतर गोड पेये लिकर या नावाखाली येतात. त्यांना १५ टक्के पुरतो, पण साखर मात्र साधारणपणे दर लिटरला निदान १०० ग्रॅम असावी लागते. हा साखरेचा आकडा मला मद्यार्काच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. कोरी दारू घशाला चटका देते, आणि तो चटका हीच तिची खूण असते. लहान मूल ओठ लावते आणि तोंड वाकडे करून मागे सरते. साखर तो चटका झाकते. फळाचा वास त्यावर पांघरूण घालतो. आत जे आहे ते तेच राहते, फक्त त्याने आपले नाव सांगणे बंद केलेले असते.

मी गेलो. सौ. आली, मुलगी-जावई आले, नऊ वर्षांचा नातूही आला. जाण्याआधी मुलीने बाईंना साधेपणाने सांगून ठेवले होते, की आई-बाबा घेणार नाहीत, त्यांचा नेम आहे. बाई म्हणाल्या, "मग त्यांच्यासाठी सफरचंदाचा रस ठेवते." एवढेच. आपण ज्या गोष्टीसाठी रात्रभर कुशी बदलतो, ती कित्येकदा एका वाक्यात सुटते. मात्र ते वाक्य आधी सांगायला हवे. पेला पुढे आल्यावर सांगितले की त्याचा नकार होतो, आणि यजमानाच्या हातातला पेला हवेत राहतो.

गावाच्या सभागृहात लांब टेबलांवर पांढरी कापडे अंथरली होती. प्रत्येकापुढे चार इवले पेले, पाण्याचा तांब्या म्हणावा असे एक भांडे, बिनमिठाची बिस्किटे आणि एक कागद. कागदावर रंग, वास, चव आणि मागे रेंगाळणारी चव, अशा चार रकान्यांत दहापैकी गुण द्यायचे. स्लो, रास्पबेरी, ब्लॅककरंट, आणि रूबार्ब नावाच्या आंबट देठाचे आले घालून केलेले, असे चार प्रकार होते. आधी पेला उजेडाकडे धरायचा. मग नाकाशी न्यायचा, दूर करायचा, पुन्हा न्यायचा. मग थेंबभर जिभेवर घेऊन तोंडात फिरवायचे. दोन पेल्यांच्या मध्ये बिस्किटाचा तुकडा आणि पाणी, म्हणजे जीभ कोरी होते. टेबलाच्या टोकाला एक बादलीही होती. ज्यांना गिळायचे नाही त्यांनी त्यात थुंकायचे. चव पाहणे हा ज्यांचा धंदा आहे ते लोक असेच करतात, कारण दिवसभरात चाळीस पेले गिळले तर एकविसाव्याची चव कुणाला सांगता यायची?

ती माणसे बेवडी नव्हती, माउली. हे मुद्दाम लिहितो, कारण दारूचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. शिक्षक होते, शेतकरी होते, गावातले टपाल सांभाळणारी बाई होती. सगळे इतके शांतपणे, इतके मन लावून त्या थेंबाकडे पाहत होते, की मला क्षणभर हेवा वाटला. एवढे लक्ष एका घासाकडे आपण कधी देतो? हरिपाठ म्हणताना तरी देतो का?

बादली पाहून नातवाने माझ्या कानात विचारले, "आजोबा, थुंकून टाकलं तर चालेल ना? पोटात तर जाणारच नाही."

पोराचा प्रश्न बालिश समजू नका. भल्याभल्यांनी स्वतःला हाच प्रश्न विचारून पळवाट काढलेली आहे. नेम पोटाचा आहे की जिभेचा? पोटाचा असेल तर थुंकणारा निर्दोष ठरतो. मग एकादशीला पुरणपोळीचा घास चावून टाकून देणाराही उपासकरीच म्हणावा लागेल. तुम्हाला हसू आले ना? मग उत्तर तुमच्याजवळच आहे. नेम म्हणजे अमुक वस्तू शरीरात जाऊ न देण्याची चौकी नव्हे. ज्ञानेश्वरीवर माळ ठेवून, तिला नमस्कार करून आपण ती गळ्यात घालतो, तेव्हा जीभ कुणाला तरी देऊन टाकलेली असते. दिलेली वस्तू थोडा वेळ परत घेऊन, वापरून, पुसून जागेवर ठेवली, तरी ती वापरलेलीच असते.

मग वासाचे काय? हा प्रश्न मला अधिक अवघड वाटला. वास घेतला की अर्धे जेवण झाले, असे आपली म्हातारी माणसे म्हणत, आणि शरीरशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. जिभेला कळते ते गोड, आंबट, खारट, कडू आणि डाळीच्या कटासारखी एक रुचकर चव, एवढेच. रास्पबेरी की ब्लॅककरंट हे नाक सांगते. घास तोंडात असताना त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो आणि आपण म्हणतो, काय चव आहे! सर्दी झाली की आमटी पाण्यासारखी लागते ती याचमुळे. म्हणजे त्या सभागृहात पाऊल टाकले तेव्हाच अर्धी चव माझ्याकडे चालत आली होती. तिला मी बोलावले नव्हते. पण शेजारच्या गृहस्थांनी "नुसता वास तरी घ्या" म्हणून पेला पुढे केला, तेव्हा तो उचलून नाकाशी नेणे ही माझी कृती झाली असती. आलेला वास आणि घेतलेला वास यांत मी फरक करतो. कुणाला हा केस चिरण्याचा प्रकार वाटेल. वाटो. व्यवहारात सगळे नेम असल्या केसांवरच तुटतात.

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात रसनेला इतर इंद्रियांपासून वेगळे काढले आहे. इतरांचे विषय तोडता येतात, पण जिभेचा विषय हट्टाने तोडता येत नाही, कारण त्यावाचून जगणेच घडत नाही, असा त्यांचा आशय आहे. वरवरची पालवी खुडून मुळाशी पाणी घालत राहणाऱ्याचा दृष्टांत तिथेच येतो. तो अध्याय तुम्ही कितीदा वाचला असेल. पण त्या टेबलाशी सफरचंदाचा रस पुढे घेऊन बसलो असताना तो मला दारू पिणाऱ्यांविषयी नाही, तर माझ्याविषयी लिहिलेला वाटला. दारू ही माझ्या झाडाची पालवीसुद्धा नाही. वडिलांच्या घरी ती नव्हती, मी कधी तोंडात घेतली नाही, तिची ओढ म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. जी गोष्ट मला नकोच होती ती सोडून मी काय सोडले?

मुळाशी पाणी कुठे जाते ते पाहायचे तर आपल्या एकादशीच्या स्वयंपाकघरात जावे. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड चकत्या, वरून दही. खिचडी मोकळी झाली की नाही यावर चर्चा, मागच्या एकादशीची अधिक चांगली होती यावर एकमत. कागदावर गुण लिहीत नाही एवढेच, बाकी चव पाहण्याची संध्याकाळ आपल्याकडे महिन्यातून दोनदा भरते. म्हणून माझा चार पेल्यांना नकार आणि त्या लोकांचा होकार यांच्यात मला वाटले होते तेवढे अंतर नव्हते.

अंतर होते ते दुसरीकडे, आणि ते मला दाखवले बाईंच्या धाकट्या भावाने.

हा पन्नाशीचा माणूस दाराशी उभा होता. खुर्च्या मांडणे, रिकामे पेले गोळा करून धुणे, येणाऱ्याला चहा देणे ही त्याची कामे. हातांवर काट्यांचे ओरखडे होते. माझ्या रसाच्या पेल्याकडे पाहून तो शेजारी येऊन बसला. त्याच्याही हातात पाणीच होते. माळेकडे बोट दाखवून विचारले, हे काय? मी मुलीच्या मदतीने सांगितले, की हा आमच्या देवाला दिलेला शब्द आहे, आणि त्यात दारू न घेणेही येते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी सतरा वर्षं प्यायलो. आता नऊ वर्षं झाली घेत नाही." बायको गेली, घर गेले, बहिणीने सांभाळले, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले, जसे आपण दुसऱ्याच्या गावची बातमी सांगतो. आणि मग जे सांगितले त्याने मी चकित झालो. बहिणीच्या बरण्यांतली फळे तोच तोडतो. दर शरद ऋतूत कुंपणाकुंपणाने फिरून, टोपलीभर. फळापर्यंत त्याची हद्द. फळ बरणीत पडले की तो त्या खोलीत जात नाही.

मी विचारले, इथे बसून त्रास होत नाही का? तो म्हणाला, "कोऱ्या दारूचा वास आला की मला सगळं आठवतं आणि मी सावध होतो. याच्या वासाने फक्त फळं आठवतात. म्हणून हीच जास्त धोक्याची. मी जिंकलेलो नाही. मी आज घेत नाही, एवढंच."

आज घेत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही व्यसनमुक्तीची चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, तिच्या बैठका आपल्या महाराष्ट्रातही गावोगावी होतात. तिथे आजच्या एका दिवसाचाच विचार करायला शिकवतात. जन्मभराची शपथ घेऊ नकोस, आजचा दिवस सांभाळ. आपला नित्यनेम यापेक्षा वेगळा काय आहे? हरिपाठ रोज म्हणायचा असतो, कारण कालचा हरिपाठ आज कामाला येत नाही. पण माझ्या माळेला मी कधी अशा नजरेने पाहिले नव्हते. ती मला वारशासारखी मिळाली आणि घरातल्या जुन्या भांड्यासारखी सवयीची झाली. त्याचा नेम रोज सकाळी नवा करावा लागतो, नाही तर संध्याकाळपर्यंत मोडतो. त्या सभागृहात दोघे जण पीत नव्हते, आणि त्यांतला मोठा व्रतस्थ कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

आमच्या गावातल्या एका मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "नाथमहाराज नाही का गेले लोकांनी टाळलेल्या घरी जेवायला? तसंच हे." हा दाखला मला मान्य नाही. नाथांच्या त्या कथेत समाजाने माणसाला टाकले होते, आणि नाथांनी माणसाला जवळ केले. इथे माणसाला कुणी टाकले नव्हते. टाकायची होती ती एक वस्तू, आणि वस्तूला टाकण्यात अन्याय नसतो. संतांचे दाखले आपल्या सोयीला ओढू नयेत.

आणि वस्तू देखणी आहे म्हणून तिचा इतिहासही देखणा ठरत नाही. जिनचाच इतिहास पाहा. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लंडनच्या गरीब वस्त्यांमध्ये ती पाण्यासारखी वाहिली. आवरण्यासाठी १७३६ साली जबर कर बसवला, तर चोरून विक्री सुरू झाली. १७५१ साली पुन्हा कायदा करावा लागला. त्याच वर्षी विल्यम होगार्थ या चित्रकाराने 'जिन लेन' नावाचे चित्र काढले. त्यात झिंगलेली आई पायऱ्यांवर बसली आहे आणि तिच्या कुशीतले मूल कठड्यावरून खाली पडते आहे. तिला त्याचा पत्ताही नाही. त्या देशात जिनचे एक जुने टोपणनाव आहे, त्याचा अर्थ होतो आईचा सर्वनाश. आपल्या गावांतल्या ज्या बायाबापड्यांनी आडव्या बाटलीला मते देऊन दुकाने बंद करवली, त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून त्या संध्याकाळी मी बाईंच्या दारूचे कौतुक केले नाही. बाईंच्या कष्टाचे केले, फळांचे केले, ओरखडलेल्या हातांचे केले. तेवढेच खरे होते. उपकाराची फेड म्हणून खोटे बोलावे लागत असेल तर ती फेड नव्हे. बाईंना ते कळले असावे. त्या हसल्या आणि माझ्या पेल्यात पुन्हा रस ओतला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहिले तिच्याकडे येतो.

चव पाहणे हे पाप आहे का? शबरीची आठवण करा. वाल्मीकींच्या रामायणात उष्ट्या बोरांचा प्रसंग नाही, पण लोकांच्या रामायणात तो असा रुजला आहे की त्याच्याशिवाय शबरी डोळ्यांपुढे येत नाही. बोरही काटेरी झाडाचे, रानातले, एक गोड तर एक तुरट. शबरीने एकेक चाखून पाहिले, म्हणजे तिनेही चव पाहिलीच. पण तिची जीभ त्या वेळी तिची नव्हती. ती रामाच्या जिभेच्या वतीने चाखत होती. गोड लागले की बाजूला ठेवायचे, आंबट लागले की स्वतः खाऊन टाकायचे. अशी चव पाहणारी जीभ मला उपासाच्या जिभेपेक्षा पवित्र वाटते.

आणि याच्या अगदी उलट रीत आपल्या घरात आहे. सणाला पुरणावरणाचा स्वयंपाक होतो, वीस माणसांचा. मीठ, गूळ, तिखट, सगळे हाताच्या अंदाजाने पडते. करणारी बाई चमचाभरही चाखून पाहत नाही, कारण नैवेद्य अजून दाखवायचा आहे. पहिली चव देवाची. तो नैवेद्य परत ताटात येतो तेव्हा त्याचे नाव प्रसाद असते, आणि प्रसादाला कुणी गुण देत नाही. मीठ कमी पडले असेल तर शेजारी मिठाची वाटी असते, पण "आज प्रसाद जमला नाही" असे म्हणायला जीभ रेटत नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो तेव्हा तर कुणाच्या लाह्या, कुणाचे दही, काहीच ओळखू येत नाही. वेगळा पेला नाही, वेगळा रकाना नाही.

शबरी चाखून देते, आमची आई न चाखता देते. दोघींच्या रीती एकमेकींच्या विरुद्ध, तरी दोघी एकाच बाजूला बसतात, कारण चव कुणासाठी हे दोघींना आधीच ठाऊक आहे. त्या टेबलावर माणसे विचारत होती, मला हे आवडते का, दहापैकी किती? हा प्रश्न दुष्ट नाही. पण जीभ रोज हाच प्रश्न विचारत राहिली की हळूहळू तो ताटाबाहेर येतो. कीर्तनाला तो लागतो, आजचे बुवा दहापैकी किती? वारीत लागतो, यंदाचा मुक्काम, यंदाची पंगत, यंदाचे दर्शन किती? सुनेला लागतो, शेजाऱ्याला लागतो. माउली, इंग्लंडातला तो गुणांचा कागद मी घरी आणला नाही, पण तसला कागद आपण कितीजण खिशात घेऊन फिरतो ते पाहा.

तर जावे की न जावे? मी गेलो, म्हणून तुम्ही जावे असे मी म्हणत नाही. ज्याला त्या वासाने जुनी ओढ लागते, त्याने सभागृहाच्या दारावरूनही जाऊ नये. बाईंच्या भावाचे बळ सगळ्यांजवळ नसते, आणि त्याच्याजवळही ते रोज असेलच याची खात्री तो स्वतः देत नाही. ज्याला ओढ नाही, त्याने कोणासाठी जातो आहे हे पाहावे. माणसासाठी जात असाल तर आपली अडचण आधी सांगा, मग मोकळ्या मनाने बसा. नाही म्हणायचे एकदाच असते. ते झाले की उरलेली संध्याकाळ त्या माणसाची. मी प्रत्येक पेल्यापाशी नव्याने विचार करत बसलो असतो, तर भावाशी दोन शब्द बोलायलाही मन रिकामे राहिले नसते. आणि आपण घेत नाही हे इतरांना दिसावे म्हणून जात असाल, तर घरीच बसा.

निघताना बाईंनी आम्हाला बाटली दिली नाही. त्यांनी फ्रीजमधून एक पिशवी काढली. त्या वर्षी भावाने तोडलेली, अजून बरणीत न गेलेली पसाभर फळे तिच्यात होती. घरी मुलीच्या स्वयंपाकघरात कपाटावर विठोबा-रखुमाईची तसबीर आहे. सौ.ने फळे धुतली, वाटीत घातली, वर तुळशीचे पान नव्हते म्हणून तिने मनातल्या मनात ठेवले, आणि नैवेद्य दाखवला. मग एकेक आमच्या हातावर दिले, बी थुंकून टाका म्हणाली.

इतके तुरट फळ मी जन्मात खाल्ले नव्हते. जावयांनी डोळे मिटून घेतले. नातवाने तोंड आक्रसून आजीकडे पाहिले, वाटीत किती उरली ते मोजले आणि विचारले, "देवाने खाल्लं का गं हे?"

"खाल्लं," सौ. म्हणाली, आणि स्वतःचे फळ तोंडात टाकले.